लेडफर्डच्या फाटकाची किल्ली

हॉबर्ट स्टेमी आणि म्हातारी ऑर्फा लेडफर्ड यांचं काहीतरी आहे, अशी कुजबुज स्पायसर खोऱ्यात बरीच वर्षं चालली होती. कुजबुज म्हणायचं आपलं. चर्चच्या पायऱ्यांवर उभं राहून लोक बोलत, फक्त आवाज जरा खाली करून, आणि तोही ऑर्फाबाईंच्या धाकानं. हॉबर्टच्या धाकानं आवाज खाली करायला तो कोण लागून गेला होता? पुरावा होता तो असा. दर वसंतात, डॉगवूडची झाडं फुलून पांढरी झाली रे झाली, की उजाडायच्या आधी हॉबर्टचा पिकअप लेडफर्डांच्या फाटकाशी हजर. त्या फाटकाच्या कुलपाला दोनच किल्ल्या. एक ऑर्फाबाईंच्या एप्रनच्या खिशात आणि दुसरी हॉबर्टच्या कमरेला. आता विधवेच्या फाटकाची किल्ली परक्या पुरुषाच्या कमरेला कशी, एवढाच काय तो प्रश्न. त्याचं उत्तर शोधायला खोऱ्यातल्या मंडळींना फारसं डोकं लागलं नाही, हे बरंच झालं, कारण ते फारसं नव्हतंच.

ऑर्फाबाई पंचाहत्तरी ओलांडलेल्या, खराट्याच्या दांड्यासारख्या ताठ, आणि जिभेनं त्याच खराट्यासारख्या. हॉबर्ट साठीचा. काउंटीचा खडीचा ट्रक चालवून निवृत्त झालेला, पोट पट्ट्याच्या बाहेर आलेलं, टोपीत टर्कीची पिसं खोचलेली. ती पिसं कुणाच्या टर्कीची, हे त्याला कुणी विचारत नसे. आणि तो न विचारता सांगत असे. ह्या दोघांचं प्रेमप्रकरण मनात आणून पाहायलासुद्धा कल्पनाशक्ती लागते. पण खोऱ्यात हिवाळा लांबतो आणि करमणूक थोडी.

हॉबर्टनं ह्या गोष्टीचा कधी इन्कार केला नाही. पेट्रोल पंपाच्या दुकानातल्या बाकावर कुणी डोळा मारून विषय काढला, की तो टोपी मागे सारायचा, कॉफीच्या पेल्यात पाहून हसायचा आणि म्हणायचा, "लोक काय, बोलायचेच." एखाद्याला बक्षीस मिळावं आणि त्यानं ते संकोचानं स्वीकारावं, तसा चेहरा. बायकोच्या कानावर हे गेलं तेव्हा ती बायांच्या केस कापायच्या दुकानात डोक्याला केस कुरळे करायच्या नळ्या लावून बसली होती. बायको म्हणजे नेल्डा. आसपासच्या बायकांनी श्वास रोखले. नेल्डानं मासिकाचं पान उलटलं.

"त्याला? बाई?" ती म्हणाली. "अगं, त्याला टर्की फसत नाही. आणि टर्कीचं डोकं अक्रोडाएवढं असतं."

नेल्डाच्या ह्या बोलण्यात कुठलाही राग नव्हता. निव्वळ माहिती होती.

कारण वसंतातली टर्कीची शिकार म्हणजे काय, तर सोंग. नर पहाटे झाडावर बसून गळ्यातून गडगडाट करतो, इथे त्याला गडगडणं म्हणतात, आणि माद्यांना हाक घालतो. शिकाऱ्यानं झाडाच्या बुंध्याला पाठ लावून, अंगावर पानापानांचे कपडे घालून, तोंडावर जाळी ओढून बसायचं आणि मादीचा आवाज काढायचा. खडू लावलेली लाकडी डबी घासून काढा, नाहीतर टाळूला रबराची पट्टी चिकटवून काढा. तोही लाडीगोडीचा, थोडा रुसलेला, थोडा बेफिकीर. मग गप्प बसायचं. सगळी विद्या ह्या गप्प बसण्यात आहे. नराला वाटलं पाहिजे की ही गेली की काय. मग तो शेपटीचा पंखा फुलवून शोधत येतो. हॉबर्टला गप्प बसणं जमलं असतं तर तो हॉबर्ट कशाला झाला असता? तो डबी घासायला लागला की एखादी बाई फाटकात उभी राहून हरवलेल्या म्हशीला हाका मारते आहे असं वाटायचं. एकदा त्या आवाजाला खरी मादी आली, त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली, आणि कान किटेपर्यंत त्याला शिव्या देऊन निघून गेली. हेही त्यानंच सांगितलेलं. त्याला तो आपल्या कलेचा पुरावा वाटत होता.

शिवाय तो बसायचा नेहमी उताराखाली. डोंगरातला नर चढ चढून येईल, पण खाली उतरून यायला त्याला शंभर शंका. हे खोऱ्यात चालायला लागलेल्या पोरालाही ठाऊक आहे. हॉबर्टलाही ठाऊक होतं. पण वर चढलं की दम लागतो, हेही ठाऊक होतं, आणि दोन ज्ञानांमध्ये नेहमी दुसरं जिंकायचं. मग ऊन वर येईपर्यंत तो झाडाखाली घोरायचा, आणि दहाच्या सुमाराला खाली येऊन ऑर्फाबाईंच्या ओट्यावर कॉफी प्यायचा. ते एवढंच त्यांचं एकांतातलं काय ते. ओटा रस्त्यावरून दिसतो.

मग किल्ली का? तर इथली रीत अशी, की डोंगर एकाला दिला म्हणजे तो त्याचा. मालकानं एका माणसाला सांगितलं, "शिकारीला तू ये," की दुसरा कुणी त्या कुंपणावरून पाय टाकत नाही. सख्खा भाऊ टाकत नाही. चोरटेसुद्धा टाकत नाहीत, कारण त्या डोंगरावर पहाटे कोण बसलेला असेल आणि कुठल्या दिशेला बंदूक रोखून बसलेला असेल, ते सांगता येत नाही. पण डोंगर कुणालाच दिला नाही, नुसत्या 'प्रवेश बंद'च्या पाट्या लावल्या, तर मात्र तो सगळ्यांचा. पोरं आधी पाट्यांवर नेम धरतात आणि मग आत शिरतात.

आणि लेडफर्डांचा डोंगर म्हणजे खोऱ्यातला सगळ्यात भारी डोंगर. एक काळ असा होता की ह्या डोंगरांत टर्की औषधाला उरली नव्हती. आज्या-पणज्यांनी मारून खाल्ली होती सगळी, आणि वर देवाची मर्जी म्हणून हात झटकले होते. तेव्हा सरकारी माणसांनी दुसरीकडून धरलेले पक्षी पुठ्ठ्याच्या खोक्यांत घालून आणले. ती खोकी पाठीला बांधून वर नेणाऱ्यांत ऑर्फाबाईंचा नवरा एस्टेल होता. बर्फात घोट्यापर्यंत रुतत गेला, वर जाऊन त्यानं खोकी उघडली, आणि पुढची कितीतरी वर्षं तो ओट्यावर बसून फक्त ऐकत राहिला. एस्टेल गेला त्याच्या पुढच्याच वसंतात ऑर्फाबाईंनी डोंगर दिला. निम्मं खोरं टोपी हातात घेऊन त्यांच्या दारात उभं राहिलं होतं. त्यातून त्यांनी हॉबर्टला निवडलं. लोकांच्या तोंडात बोट गेलं, ते परत निघालंच नाही.

आता हॉबर्ट वर्षाला एक टर्की घरी आणायचा, नाही असं नाही. पण ती डोंगरातली नसे. पूर्वेला, जिथे जमीन ताटासारखी सपाट होते आणि रोआनोक नदी दलदलीत पसरते, तिथे त्याचा चुलतभाऊ मर्विन राहतो. मर्विन बांधावर गुपचूप मका पसरतो, जे कायद्याला मान्य नाही, आणि मक्यासमोर घडीची खुर्ची टाकतो. दलदलीतला नर मका खायला येतो आणि हॉबर्ट खुर्चीतून त्याला मारतो. आमच्याकडे ह्याला शिकार म्हणत नाहीत. ह्याला बाजारहाट म्हणतात. पण हॉबर्ट तेवढ्यापुरता प्रामाणिक होता. विचारलं की सांगायचा, "खालचा आहे." आणि पुढे पुस्ती जोडायचा, "ऑर्फाबाईंच्या डोंगरावरचे मी वाढू देतोय. घाई कशाची?" अशी ती वाढ चालली होती वर्षानुवर्षं, आणि वरचे नर म्हातारे होऊन आपल्या मरणानं मरत होते.

हे असंच चाललं असतं. मध्ये डॉयल शूक आला.

डॉयल चाळिशीचा, हडकुळा, कमी बोलणारा. कमी बोलतो म्हणून लोक त्याला शहाणा समजत. खरं तर त्याला टर्की सोडून दुसऱ्या कशाबद्दल बोलता येत नसे. पण शिकारी म्हणाल तर पक्का. मोसम उघडला की आठवडाभरात त्याचा कायद्यानं ठरलेला वाटा पूर्ण, आणि मग मेव्हण्याच्या नावावर, मग मेव्हणीच्या नावावर. त्याच्या कोठाराची अख्खी भिंत शेपट्यांच्या पंख्यांनी भरलेली, आणि तो पाहुण्यांना मुलांचे फोटो दाखवावेत तशा त्या दाखवतो. त्या वर्षी पेट्रोल पंपाच्या दुकानात, हॉबर्ट आपल्या कमरेची किल्ली खुळखुळवत असताना, डॉयल म्हणाला, "हॉबर्टकाका, त्या डोंगरावरून एक पीस तरी खाली आणलंय का तुम्ही?"

दुकानात हशा पिकला. डॉयल हसला नाही. तो म्हणाला की बाईंना आपण विचारणार आहोत. डोंगर वाया चाललाय, हे बाईंच्या लक्षात आणून दिलं पाहिजे. त्याच आठवड्यात तो शिडी घेऊन गेला आणि ऑर्फाबाईंच्या छपराची गळकी पन्हळ नीट करून आला. त्याच्या पुढच्या आठवड्यात मधाची बरणी.

हॉबर्टचं धाबं दणाणलं. हसण्यासारखी गोष्ट आहे, पण त्याच्या जागी बसून पाहा. त्याच्याजवळ दुसरं होतं काय? किल्ली कमरेला होती म्हणून दुकानात लोक त्याला बाकावर जागा करून देत. किल्ली होती म्हणून त्याच्या थापा ऐकून घेत. किल्ली होती म्हणून तो मेलेल्या एस्टेलचा वारसदार, विधवेचा गुप्त यार, डोंगराचा राखणदार, वाटेल तो होऊ शकत होता. किल्ली गेली की उरणार काय, तर खडीच्या ट्रकचा एक जाडा माजी ड्रायव्हर, टोपीत उसनी पिसं. हे त्यालाही कळत होतं. एवढं कळण्याइतकं डोकं देवानं त्याला दिलं होतं. पुढचं काम भागेल इतकं दिलं नव्हतं.

कारण त्यानं काय ठरवलं? तर डोंगरावर एक नर मारून दाखवायचा. म्हणजे मारायचा नाही, दाखवायचा.

मोसमाच्या मध्यावर, शनिवारी संध्याकाळी, चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये शिकाऱ्यांचं जेवण असतं. दाराशी एक लांब फळी टाकतात, आणि ज्यानं त्यानं आपल्या नराचा पाय आणि छातीवर लोंबणारी केसांची दाढी त्या फळीवर मांडायची. त्या शनिवारच्या आधी हॉबर्ट पूर्वेला जाऊन आला. मर्विनच्या मक्यावरचा सगळ्यात मोठा नर मारला, बर्फाच्या पेटीत पिसांसकट दुमडून घातला, आणि दिवसभर गाडी हाकत डोंगरात परतला. घरी येऊन पाहतो तर पक्षी बर्फात लाकडासारखा कडक. मान वाकडी ती वाकडीच. नेल्डानं त्याला कपडे धुवायच्या टबात कोमट पाणी भरून त्या पक्ष्याची मान चोळताना पाहिलं.

"चोळायला तेल देऊ का?" ती म्हणाली.

"तुला कळायचं नाही," हॉबर्ट म्हणाला.

"देवाची कृपा," म्हणून ती झोपायला गेली.

शनिवारी पहाटे तो पक्षी पोत्यात घालून, धापा टाकत, लेडफर्डच्या डोंगरावर चढला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच खिंडीपर्यंत पोचला, आणि तोही मेलेल्या टर्कीला घेऊन. तिथे बसून त्यानं घाम पुसला, बंदूक आभाळाकडे धरली आणि बार काढला. पलीकडच्या उतारावरून लगेच एक जिवंत नर गडगडला, कारण मोठा आवाज झाला की नराला राहवत नाही. वीज कडाडली तरी तो उत्तर देतो. हाकेच्या अंतरावर होता. एखादा शिकारी असता तर त्याचं काळीज तोंडात आलं असतं. हॉबर्ट मात्र पोत्यातल्या पक्ष्याची मान सरळ करण्यात गुंतला होता. त्यानं मानही वर केली नाही; स्वतःची.

खाली येताना तो मुद्दाम ऑर्फाबाईंच्या ओट्यासमोरून गेला. पक्षी खांद्यावर टाकलेला, पंख मोकळे सोडलेले. बाई दारात उभ्या होत्या. बार त्यांनी ऐकला होता.

"कुठे?" त्यांनी विचारलं.

"वर खिंडीत. एका हाकेत आला, बाई. डोंगराचा राजा होता."

ऑर्फाबाईंनी पक्ष्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्या आत गेल्या आणि जाळीचं दार आपटलं. कॉफी आली नाही. हॉबर्टनं थोडा वेळ वाट पाहिली आणि मग मनाशी ठरवलं की बाईंना एस्टेलच्या आठवणीनं गहिवरून आलं असणार. असल्या बाबतीत तो फार हळव्या मनाचा होता.

संध्याकाळी हॉल खचाखच भरला. तळलेली टर्की, शिजवलेल्या घेवड्याच्या शेंगा, मक्याचा पाव, आणि डोंगरातल्या रानलसणीचा असा वास, की पाद्र्यानं प्रार्थना जरा लांबून म्हटली. हॉबर्टनं फळीवर पाय मांडला तो बरोबर मधोमध. ऑर्फाबाई गुडघ्यामुळे आल्या नव्हत्या, नाहीतर त्यानं त्यांनाही मधोमध मांडलं असतं. गोष्ट सांगायला सुरुवात झाली. पहाट, धुकं, खिंड, त्यानं काढलेला मादीचा आवाज, नराचं वेडं होऊन धावत येणं. तिसऱ्यांदा सांगेपर्यंत तो नर खिंड चढून नाही, तर उडी मारून आला होता.

डॉयल फळीपाशी आला. त्यानं हॉबर्टचा पाय उचलला. म्हणजे टर्कीचा. पायाच्या मागच्या बाजूला नराला काटा असतो, झुंजायचा. डॉयलनं अंगठा त्या काट्याच्या टोकावर ठेवला आणि दाबला.

"काका, हा कुठला म्हणालात?"

"लेडफर्डच्या डोंगरावरचा. बहिरा झालास का?"

"टोचतोय," डॉयल म्हणाला, आणि आपल्या नराचा पाय त्याच्या शेजारी ठेवला.

आता ह्यात सांगण्यासारखं काही नाही, खोऱ्यातलं कुणीही सांगेल. डोंगरातला नर जन्मभर दगडांवर चालतो, उकरतो, घसरतो. त्याचा काटा झिजून जुन्या बुटाच्या टाचेसारखा होतो. दलदलीतला नर गादीवर चालल्यासारखा चालतो. त्याचा काटा लांब, वाकडा आणि सुईसारखा. हॉबर्टनं आणलेला काटा असा होता, की त्यानं पोतं शिवता आलं असतं. आणि ह्या शहाण्यानं तो फळीच्या मधोमध मांडला होता, वर दिव्याखाली. आडवळणाच्या गावातून म्हैस चोरावी आणि तिच्या गळ्यात मूळ मालकाच्या नावाची घंटा तशीच ठेवावी, त्यातली गत.

एकेक जण आला, अंगठा दाबून पाहिला आणि गप्प राहिला. त्या गप्प राहण्यात एवढं हसू कोंडलेलं होतं की टेबलं हलत होती.

"हा दगडावर चाललेला नाही," शेवटी डॉयल म्हणाला.

 हॉबर्टनं आजूबाजूला पाहिलं. मग म्हणाला, "हा जरा अलगद चालायचा."

त्यानंतर हॉलमध्ये काय झालं ते लिहिण्यात अर्थ नाही. पाद्रीसुद्धा स्वयंपाकघरात गेला, आणि भिंतीआडून त्याचा खोकला ऐकू येत राहिला. पण हॉबर्टनं शब्द फिरवला नाही. मारला तो डोंगरावरच, म्हणाला, आणि बायबलवर हात ठेवायला निघाला. नेल्डानं त्याची बाही धरून त्याला गाडीत बसवलं.

सोमवारी पहाटे तो डोंगराच्या फाटकाशी गेला. किल्ली लावली. किल्ली आत जाईना. त्यानं काडी ओढून पाहिलं, तर कुलूप कोरं, नवं, दुकानातल्या तेलाचा वास मारणारं. तो तिथेच पिकअपच्या पायरीवर बसला. उजाडेपर्यंत बसून होता. वरून एक नर गडगडत होता, मग दुसरा, मग दोघेही एकदम. त्याला पहिल्यांदाच वाटलं की ते आपल्याला हसताहेत. नसतीलही, त्यांना त्याची तेवढीही दखल नसावी.

उजाडल्यावर तो रस्त्यानं वळसा घालून घराच्या ओट्याशी गेला, तर तिथे डॉयल आधीच उभा. डोक्यावरची टोपी हातात, भांग पाडलेला, लग्नाला आल्यासारखा. ऑर्फाबाई खुर्चीत बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर नवी किल्ली होती.

"किल्ली लागत नाही, बाई," हॉबर्ट म्हणाला.

"कुलूप बदललंय."

"मग मला नवी..."

"शनिवारचा पक्षी माझ्या डोंगरावरचा होता का?"

हॉबर्टनं डॉयलकडे पाहिलं. डॉयलच्या तोंडाची एक कड किंचित वर गेली होती. हॉबर्टला वाटलं, नाही म्हणालो तर दोन्ही गेलं, किल्लीही आणि अब्रूही. हो म्हणालो तर निदान शिकारी म्हणून तरी बाई ठेवतील.

"होता," तो म्हणाला.

"मग जुनी किल्ली इथे ठेव आणि चालू लाग," ऑर्फाबाई म्हणाल्या, आणि ओट्याच्या कठड्याकडे बोट दाखवलं.

हॉबर्टच्या हाताला ती किल्ली कमरेवरून निघता निघेना. एवढी वर्षं पट्ट्याला घासून कडी पातळ झाली होती. शेवटी निघाली. त्यानं ती कठड्यावर ठेवली आणि तिच्यावरचा हात मात्र काढला नाही. ते ध्यान त्या वेळी असं काही दिसत होतं की डॉयलनं तोंड मिटून ठेवलं असतं, तर पुढच्या घटकेला डोंगर कदाचित त्याच्या पदरात पडला असता. निदान त्याला तरी तसं वाटत होतं. पण जिंकणाऱ्या माणसाला नुसतं जिंकून पोट भरत नाही. हरणाऱ्याच्या छातीवर पाय देऊन उभं राहावंसं वाटतं.

"बाई, हा खोटं बोलतोय," डॉयल म्हणाला, आणि खिशातून रुमाल काढला. रुमालात तो पाय होता; फळीवरून उचलून आणलेला. "हा तुमच्या डोंगरावरचा नाहीच. काटा बघा. दलदलीतला आहे. असल्या खोटारड्याला..."

ऑर्फाबाईंनी चष्मा लावला. पाय हातात घेतला आणि अंगठा काट्यावर फिरवला, एकदा वरून, एकदा टोकावर. शनिवारपासून त्यांच्या तोंडावर जे काय बसलं होतं ते उठलं.

"हॉबर्ट, तुझ्या तोंडानं सांग."

हॉबर्ट बुटांकडे पाहत होता. "खालचा आहे, बाई. मर्विनच्या बांधावरचा."

"आणि बार?"

"हवेत काढला."

"आणि ह्या आधी? इतक्या वर्षांत वर किती मारलेस?"

आता हे मात्र फार झालं. डॉयलसमोर, जो दुपारच्या आत हे सगळं खोऱ्याला सांगणार होता. हॉबर्टनं एकदा डोंगराकडे पाहिलं, एकदा कठड्यावरच्या किल्लीकडे. मग त्यानं टोपी काढली. पिसांसकट.

"एकही नाही," तो म्हणाला.

"जखमी करून सोडलेला?"

"नाही, बाई. एकदा झोपेत बंदूक उडाली होती. ओकच्या झाडाला लागली."

ऑर्फाबाई उठल्या. आत गेल्या आणि कॉफीचा पेला घेऊन बाहेर आल्या. पेला हॉबर्टच्या एका हातात दिला आणि दुसऱ्या हातात नवी किल्ली.

डॉयलच्या हातातला रुमाल तसाच पसरलेला राहिला. "बाई, तो खोटारडा आहे," तो म्हणाला.

"असेल."

"मी तुमची पन्हळ नीट करून दिली."

"चांगली केलीस. थेंब गळत नाही." ऑर्फाबाई खुर्चीत बसल्या. "तुझ्या कोठारात किती शेपट्या ठोकल्यायत रे?"

डॉयलला वाटलं अजून आशा आहे. छाती काढून म्हणाला, "आता भिंतीला जागा उरलेली नाही, बाई."

"तसंच ऐकलं होतं मी," ऑर्फाबाई म्हणाल्या. "जाताना फाटक लावून घे."

ह्यातून माणसं काही शिकतील असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं स्पायसर खोऱ्यात येऊन आठवडाभर राहावं. हॉबर्टनं त्यातून एवढंच घेतलं, की बाईंना आपलं खरं बोलणं भावलं. मग तो दुकानातल्या बाकावर बसून खरेपणावर व्याख्यानं द्यायला लागला. माणसानं कसं मोकळ्या मनानं कबूल करावं, कबुलीनं माणूस कसा मोठा होतो. आणि हे सांगताना त्या कबुलीत नसलेल्या चार गोष्टी तो कबूल करायचा. डॉयलनं दुसरं टोक धरलं. उघड उघड थापाड्या ठरलेल्या माणसाला, ज्याला टर्की मारता येत नाही हे त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, त्याला त्याच ओट्यावर नवी किल्ली आणि वर कॉफी मिळते, म्हणजे आता सांगायला उरलंय काय? हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. खोऱ्याला ते पटलं. चर्चच्या पायऱ्यांवर आवाज आणखी खाली गेले आणि बोलणं आणखी लांबलं. हॉबर्ट टोपी मागे सारून हसत राहिला. नेल्डाला कुणी विचारलं, तर तिनं मासिकाचं पान उलटलं.

पुढच्या वसंतात डॉगवूड फुललं आणि पिकअप पुन्हा फाटकाशी उभा राहिला. वर पाच-सहा नर गडगडत होते. खाली, उताराच्या तळाशी, हॉबर्ट झाडाला टेकून घोरत होता. ऑर्फाबाई ओट्यावर ऐकत बसल्या होत्या.

त्या दोघांमध्ये काही नव्हतं. एस्टेलनं पाठीवरून आणलेल्या टर्की ऑर्फाबाईंना डोंगरावर जिवंत हव्या होत्या. डोंगर कुणाला तरी दिल्याशिवाय त्या जिवंत राहिल्या नसत्या, आणि खोऱ्यात टर्की मारता न येणारा शिकारी एकच होता.